हात धुण्याचे गणित

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने रुग्णालयातील डॉक्टर-परिचारिकांच्या हातांवर लेख लिहावा, हे तुम्हाला थोडे चमत्कारिक वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचे खुब्याचे हाड मोडले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. रात्री उशाशी बसण्याची पाळी माझी असे. झोप लागू नये म्हणून काहीतरी मोजत बसायचे, ही माझी जुनी खोड. रात्रपाळीच्या सिस्टर एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे गेल्या की वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात मी एक उभी रेघ ओढी. मध्ये त्यांनी हात धुतले असतील तर त्या रेघेवर एक आडवी रेघ. पहाटे पाहिले, तर उभ्या रेघा पुष्कळ होत्या आणि आडव्या फारच थोड्या.

मला राग आला. वडिलांच्या मांडीला ताजी जखम होती. सकाळी मी तो कागद सिस्टरना दाखवला. त्या रागावल्या नाहीत. “सर, तुम्ही हे मोजलंत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या, “पण बेसिन कुठे आहे ते पाहिलंत का?”

या प्रश्नाकडे आपण लेखाच्या अखेरीस परत येऊ. त्यातले मर्म कळण्यासाठी मात्र आपल्याला सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे जायला हवे. तेथील एका तरुण डॉक्टरने असेच आकडे मांडले होते आणि त्या आकड्यांतून त्याला जे दिसले, ते कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून तोवर कोणी पाहिले नव्हते.

दोन कक्ष, एक रुग्णालय

व्हिएन्नाचे सार्वजनिक रुग्णालय त्या काळी युरोपातील मोठ्या रुग्णालयांपैकी एक होते. तेथे गरीब स्त्रियांची बाळंतपणे फुकट होत आणि त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्यांना त्यांच्यावर शिकू दिले जाई. प्रसूतीचे दोन कक्ष शेजारी शेजारी होते. १८४० पासून पहिला कक्ष वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आणि दुसरा सुईणीचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आला. आता पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. बाई कोणत्या कक्षात जाणार, हे तिच्या प्रकृतीवरून ठरत नसे, वारावरून ठरे. साधारणपणे एक दिवस पहिल्या कक्षाचा, तर एक दिवस दुसऱ्या कक्षाचा.

आपण प्रयोगशाळेत काय करतो ते आठवा. लंबकाचा आवर्तकाल कशावर अवलंबून आहे हे पाहायचे असेल, तर लांबी तीच ठेवून वजन बदलतो, किंवा वजन तेच ठेवून लांबी बदलतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माणसांवर असा प्रयोग सहसा करता येत नाही. पण व्हिएन्नात, कोणाच्या मनातही नसताना, तो आपोआप मांडला गेला होता. शहर तेच, इमारत तीच, स्त्रियाही त्याच थरातल्या.

त्या काळी बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत ताप चढून अनेक स्त्रिया दगावत. या रोगाला सूतिकाज्वर म्हणतात. दोन्ही कक्षांतील नोंदी अशा आहेत:

वर्ष १८४१ : पहिला कक्ष, बाळंतपणे ३०३६, मृत्यू २३७. दुसरा कक्ष, बाळंतपणे २४४२, मृत्यू ८६.
वर्ष १८४२ : पहिला, ३२८७ पैकी ५१८. दुसरा, २६५९ पैकी २०२.
वर्ष १८४३ : पहिला, ३०६० पैकी २७४. दुसरा, २७३९ पैकी १६४.
वर्ष १८४४ : पहिला, ३१५७ पैकी २६०. दुसरा, २९५६ पैकी ६८.
वर्ष १८४५ : पहिला, ३४९२ पैकी २४१. दुसरा, ३२४१ पैकी ६६.
वर्ष १८४६ : पहिला, ४०१० पैकी ४५९. दुसरा, ३७५४ पैकी १०५.

बेरीज तुम्हीच करून पाहा. सहा वर्षांत पहिल्या कक्षात २०,०४२ बाळंतपणे आणि १,९८९ मृत्यू, म्हणजे शेकडा ९.९. दुसऱ्या कक्षात १७,७९१ बाळंतपणे आणि ६९१ मृत्यू, म्हणजे शेकडा ३.९.

हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल काय? दुसऱ्या कक्षाचे प्रमाण पहिल्यालाही लागू असते, तर २०,०४२ बाळंतपणांत सुमारे ७७८ मृत्यू झाले असते. मोजणीच्या प्रयोगांत आपण एक ढोबळ नियम वापरतो: अपेक्षित संख्येत योगायोगाने होणारा चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमूळाएवढा असतो. ७७८ चे वर्गमूळ सुमारे २८. प्रत्यक्षात जादा मृत्यू झाले १,२११. म्हणजे योगायोगाच्या चढउताराच्या सुमारे ४३ पट! साथीच्या रोगात एक मृत्यू दुसऱ्यापासून अगदी स्वतंत्र नसतो, म्हणून हा नियम येथे तंतोतंत बसत नाही, हे मान्य. पण ४३ पटीचा फरक कोणत्याही हिशेबाने योगायोगात बसवता येणार नाही. शिवाय खरी तफावत याहूनही मोठी होती. कारण पहिल्या कक्षातील पुष्कळ आजारी स्त्रियांना सार्वजनिक रुग्णालयाच्या दुसऱ्या विभागात हलवत आणि तेथे झालेले त्यांचे मृत्यू या कक्षाच्या नोंदीत येतच नसत.

१,२११ हा नुसता आकडा म्हणून वाचू नका. तितक्या घरांतली आई गेली होती. व्हिएन्नातील बायकांना हे वर्गमूळ काढल्याशिवायच कळले होते. पहिल्या कक्षाच्या दिवशी दारात आलेल्या स्त्रिया गुडघे टेकून विनवीत, की आम्हाला येथे घेऊ नका.

एकेक शंका

१८४६ च्या जुलैत या पहिल्या कक्षात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा २८ वर्षांचा हंगेरियन डॉक्टर साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्याचे वरिष्ठ होते प्राध्यापक क्लाइन. सेमेलवाइसला हा फरक स्वस्थ बसू देईना. त्या काळी मोठमोठे वैद्य सांगत, की सूतिकाज्वर हवेतील विषारी बदलांमुळे होतो. सेमेलवाइसने साधा प्रश्न विचारला: हवा दोन्ही कक्षांना एकच आहे, मग हवेने एकाच कक्षावर राग का धरावा? आणखी एक गोष्ट. रुग्णालयाच्या वाटेवर, रस्त्यातच बाळंत होऊन मग दाखल झालेल्या स्त्रियांना हा ताप क्वचितच येई. कुडकुडत रस्त्यावर बाळंत होणे हे रुग्णालयाच्या खाटेवर बाळंत होण्यापेक्षा सुरक्षित ठरत होते!

मग गर्दी? उलट दुसऱ्याच कक्षात गर्दी जास्त होती, कारण सर्वजणी तेथेच जायला धडपडत. भीती? पहिल्या कक्षात मरणासन्न स्त्रीकडे जाणारा धर्मगुरू सर्व खोल्यांमधून घंटा वाजवत जाई. ती ऐकून बाळंतिणींच्या काळजाचे पाणी होत असेल. सेमेलवाइसने धर्मगुरूला दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता जायला सांगितले. मृत्यू कमी झाले नाहीत. बाळंतपणाच्या वेळी पहिल्या कक्षात उताणे निजवत, दुसऱ्यात कुशीवर. त्याने पहिल्यातही कुशीवर निजवण्याची पद्धत सुरू केली. काही फरक नाही. परदेशी विद्यार्थी तपासताना धसमुसळेपणा करतात म्हणून त्यांची संख्या घटवण्यात आली. मृत्यू काही काळ उतरले आणि १८४७ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उसळले.

या यादीतील काही शंका आज आपल्याला हास्यास्पद वाटतील. मला तसे वाटत नाही. घंटेच्या शंकेलाही त्याने हसून वाटेला लावले नाही, तर घंटा बंद करून पाहिली. चुकीच्या कल्पनेला बाद करण्याचा मान्य मार्ग हाच आहे.

कोलेच्काची जखम

१८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइस काही दिवस व्हेनिसला गेला होता. परतल्यावर कळले, की त्याचा स्नेही प्राध्यापक याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी कोलेच्काच्या बोटाला लागली होती. जखम किरकोळ, पण ताप चढला आणि तो गेला. सेमेलवाइसने मित्राच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. त्यात वर्णन केलेले सर्व बदल त्याला पाठ होते. सूतिकाज्वराने गेलेल्या शेकडो स्त्रियांत त्याने तेच पाहिले होते. कोलेच्का पुरुष होता, बाळंतपणाशी त्याचा संबंध नव्हता. तरी रोग तोच.

आता दोन टोके जुळली. कोलेच्काच्या रक्तात प्रेतातील काहीतरी शिरले ते सुरीवरून. स्त्रियांच्या शरीरात ते कशावरून शिरत असेल? पहिल्या कक्षातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करत आणि तेथून थेट बाळंतिणींना तपासायला येत. हात धूत असत, पण साबणाने. बोटांना प्रेताचा वास तसाच राही. दुसऱ्या कक्षातील सुईणी शवविच्छेदन करत नसत. दोन कक्षांमध्ये फरक होता तो हवेचा नव्हे, हातांचा.

वास जात नाही, म्हणजे वासाचे द्रव्यही गेलेले नाही, असा त्याचा तर्क. म्हणून वास घालवणारे द्रव्य त्याने शोधले. १८४७ च्या मे महिन्याच्या मध्यावर त्याने कक्षाच्या दारात क्लोरिनच्या पाण्याचे पात्र ठेवले. ते महाग पडू लागले तेव्हा विरंजक चूर्ण पाण्यात कालवून वापरले. हे चूर्ण तुमच्या ओळखीचे आहे. गावच्या विहिरीत ग्रामपंचायतीचा शिपाई जी ‘टीसीएल पावडर’ टाकतो, ती त्याच जातीची. या पाण्यात हात चोळून धुतल्याशिवाय कोणीही आत जायचे नाही, असा नियम झाला.

एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ मृत्यू झाले होते, म्हणजे शेकडा १८. जूनमध्ये २६८ पैकी ६. जुलैत २५० पैकी ३. पुढच्या १८४८ या पूर्ण वर्षात ३,५५६ पैकी ४५, म्हणजे शेकडा १.३, आणि त्यातले दोन महिने तर असे गेले, की पहिल्या कक्षात एकही बाळंतीण दगावली नाही.

त्या एप्रिलच्या ५७ मृत्यूंकडे मात्र पुन्हा एकदा पाहा. मधले काही महिने सेमेलवाइसची जागा दुसऱ्या डॉक्टरकडे होती आणि तेव्हा मृत्यू कमी होते. मार्चच्या २० तारखेला सेमेलवाइस कामावर परत आला आणि एप्रिलमध्ये मृत्यू वाढले. सर्वांत निष्ठेने, रोज सकाळी शवविच्छेदन करणारा डॉक्टर तोच होता. रोगाचे कारण शोधण्यासाठी तो ज्या प्रेतांजवळ जात होता, तेथूनच रोग हातांवर घेऊन येत होता. हे त्याने स्वतः ओळखले आणि पुढे आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले. विज्ञानाच्या इतिहासात याहून कठीण कबुली मला तरी ठाऊक नाही.

कथा येथे संपत नाही. ऑक्टोबरमध्ये पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची एक रुग्ण होती. तपासणी तिच्यापासून सुरू होई आणि ओळीने पुढे जाई. दारातील क्लोरिनने हात धुतलेले असूनही त्या ओळीतील बारा जणींपैकी अकरा दगावल्या. सेमेलवाइसने आपला सिद्धांत लगेच दुरुस्त केला. दोष फक्त प्रेतातील द्रव्याचा नाही. जिवंत माणसाच्या सडणाऱ्या जखमेतूनही तो जाऊ शकतो. म्हणजे दारात एकदा हात धुणे पुरेसे नाही, प्रत्येक रुग्णानंतर ते धुतले पाहिजेत. आज जगभरातील रुग्णालयांत जो नियम सांगितला जातो, त्याचे बीज या खाटांच्या ओळीत आहे.

पटले का नाही?

इतके स्वच्छ आकडे असताना सर्व डॉक्टरांनी क्लोरिनची पात्रे मांडली असतील, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. हेब्रा, स्कोडा, रोकितान्स्की यांच्यासारखे व्हिएन्नातील नामांकित प्राध्यापक त्याच्या बाजूने होते. पण क्लाइन नव्हते आणि इतर देशांतील बहुतेक तज्ज्ञही नव्हते. रोग पसरवणारे सूक्ष्म जंतू असतात हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. ‘प्रेतातील द्रव्य’ म्हणजे नेमके काय, ते सेमेलवाइसला दाखवता येत नव्हते. आणि आपल्याच हातांनी रुग्ण मेले हे कबूल करणे कोणाला सोपे असते?

पण सगळा दोष विरोधकांच्या माथी मारणेही बरे नव्हे. सेमेलवाइसने स्वतः लिहायचे टाळले. सुरुवातीची टिपणे हेब्राने प्रसिद्ध केली. त्याने व्हिएन्नातील वैद्यक संस्थेपुढे व्याख्यान दिले ते १८५० मध्ये; त्याच वर्षी तो शहर सोडून हंगेरीत पेस्टला निघून गेला आणि सविस्तर ग्रंथ बाहेर पडला तो थेट १८६० मध्ये. तेरा वर्षांचा हा उशीर महागात पडला. त्यानंतर त्याने विरोधी प्राध्यापकांना उघड पत्रे लिहून खुनी ठरवले. पत्रांतील त्याचे म्हणणे खरे असेल, पण अशी पत्रे वाचून कोणी हात धुवायला उठत नाही. १८६५ च्या जुलैअखेरीस मन भ्रमिष्ट झाल्यामुळे त्याला व्हिएन्नातील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि दोनच आठवड्यांनी, १३ ऑगस्टला, तो ४७ व्या वर्षी वारला. अंगावरील जखमेत विष भिनून आलेले मरण होते ते, जवळजवळ कोलेच्कासारखेच.

दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, जोसेफ लिस्टरने शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्लाचा उपयोग प्रसिद्ध केला. १८७९ मध्ये पॅरिसमधील एका सभेत सूतिकाज्वराच्या कारणांवर वाद चालला असता लुई पाश्चरने उठून फळ्यावर त्या जंतूच्या मण्यांसारख्या साखळ्या काढून दाखवल्या. त्याला आज आपण स्ट्रेप्टोकॉकस म्हणतो. सेमेलवाइसच्या हिशेबातला ‘क्ष’ सापडला.

बेसिन कुठे आहे?

यानंतर प्रश्न मिटायला हवा होता. जंतू दिसले, पाठ्यपुस्तकांत आले, परीक्षेत विचारले जाऊ लागले. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस, १९९४ मध्ये, जिनीव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते या डॉक्टरच्या पथकाने प्रत्यक्ष खाटांजवळ उभे राहून मोजले, तेव्हा हात स्वच्छ करणे आवश्यक होते अशा दर शंभर प्रसंगांपैकी सरासरी ४८ वेळाच ते झाले होते. हे जिनीव्हा आहे, जगातील अत्यंत सुसज्ज शहर. तेथे साबण नाही, पाणी नाही, ज्ञान नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. डॉक्टरांचे प्रमाण तर परिचारिकांहूनही कमी होते.

मोजणी केल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसली. जेथे काम अधिक आणि हात धुण्याचे प्रसंग अधिक, तेथेच धुण्याचे प्रमाण कमी. अतिदक्षता विभागात, म्हणजे जेथे रुग्ण सर्वांत नाजूक असतात तेथे, ते सर्वांत कमी होते. हे निष्काळजीपणाने होत होते काय? आपण त्रैराशिक मांडू. अतिदक्षता विभागात एका तासाच्या सेवेत हात स्वच्छ करण्याचे सरासरी वीसेक प्रसंग येतात. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. त्यात बेसिनपर्यंत जाणे, हात कोरडे करणे आणि परत येणे धरले तर दीड मिनिट सहज होते. वीस गुणिले दीड म्हणजे तीस मिनिटे. नियम अक्षरशः पाळायचा, तर परिचारिकेने अर्धा तास बेसिनपाशी काढायचा आणि उरलेल्या अर्ध्या तासात तासाभराचे काम करायचे! नियम मोडला जात होता, कारण तो पाळण्याइतके मिनिटच तासात नव्हते.

उत्तर उपदेशात नव्हते, अंतरात होते. जिनीव्हात बेसिनकडे जाणे वाचवण्यासाठी प्रत्येक खाटेजवळ अल्कोहोलच्या द्रावणाची बाटली ठेवण्यात आली. काही जण ती खिशातही बाळगू लागले. हे द्रावण हातांवर चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात, पुसावे लागत नाही आणि पुढच्या खाटेकडे चालता चालताही चोळता येते. वीस गुणिले वीस सेकंद म्हणजे सात मिनिटांहून कमी. याच्या जोडीला भिंतीवर चित्रे लावली आणि मोजणी चालू ठेवली. १९९७ च्या अखेरीस ४८ चे ६६ झाले होते. त्याच सुमारास, रुग्णालयात आल्यानंतर संसर्ग झालेल्या रुग्णांचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.९ वर आले.

आता तुमच्यातला चिकित्सक विद्यार्थी जागा असेल तर तो म्हणेल, की येथे व्हिएन्नासारखे दोन कक्ष कोठे आहेत? खरे आहे. ही ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना आहे. मधल्या तीन-चार वर्षांत रुग्णालयात आणखीही काही बदलले असू शकेल. शिवाय कोणी मोजत आहे असे दिसले की माणसे हात जास्त धुतात. तापमापक बुडवल्याने पाण्याचे तापमान किंचित बदलते ना, तसेच. म्हणून हा पुरावा व्हिएन्नाच्या पुराव्याइतका कडक नाही. तरी यानंतर अनेक देशांत असेच अनुभव आले आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्तासारख्या शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तू हाताळल्यानंतर, अशा पाच वेळा त्यात सांगितल्या आहेत. द्रावणाची साधी कृतीही संघटनेने सर्वांसाठी खुली केली. २०२० च्या साथीत उसाच्या मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या महाराष्ट्रातील अनेक साखर कारखान्यांनी हातांसाठीचे द्रावण तयार केले, ते तुमच्या घरीही आले असेल.

या द्रावणात अल्कोहोल शेकडा ७५ ते ८० असते. शंभर का नाही, असे वर्गात मला नेहमी विचारतात. अल्कोहोल जंतूंच्या प्रथिनांची घडी मोडते आणि ती मोडायला थोडे पाणीही लागते. कोरडे, शुद्ध अल्कोहोल उलट कमी परिणामकारक ठरते. मात्र ते हातावरील मळ काढत नाही, आणि काही जंतूंच्या कवचबंद बीजाणूंवर त्याचा इलाज चालत नाही. अशा वेळी साबण आणि पाणीच हवे. साबणाचे काम वेगळ्या तऱ्हेचे आहे. पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन. साबणाने तो निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे पाणी कातडीच्या बारीक घड्यांत शिरते, तेलकट थराचे बारीक थेंब सुटे होतात आणि त्यांत अडकलेले जंतू चोळण्याने व धारेने वाहून जातात. तेथे जंतू मरण्यापेक्षा निघून जाण्याला महत्त्व अधिक.

वडिलांच्या वॉर्डात परत येऊ. सिस्टरनी विचारल्यानंतर मी पावले मोजली. बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, दाराबाहेर होते. त्याचा नळ घट्ट फिरवावा लागे, म्हणजे धुतलेल्या हाताने पुन्हा तोच नळ धरायचा. साबणाची एक वडी पाण्यात भिजत पडलेली. चाळीसेक खाटा आणि त्या एकट्या. माझ्या कागदावर मी फक्त त्यांचे हात मोजले होते. पावले मोजली नव्हती, मिनिटे मोजली नव्हती आणि खाटाही मोजल्या नव्हत्या. निम्मेच चल नोंदवून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रात्यक्षिकाच्या वहीत लाल शेरा देतो. त्या दिवशी संध्याकाळी वडिलांच्या खाटेच्या दांडीला मी अल्कोहोलच्या द्रावणाची एक बाटली दोरीने बांधली. रात्री सिस्टरनी ती पाहिली, हसल्या आणि शेजारच्या दोन्ही खाटांकडे जाताना वापरली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरील आजोबांच्या मुलानेही एक बाटली आणून बांधली.

करून पाहा

हळद हा क्षारदर्शक पदार्थ आहे. साबणाच्या संपर्कात ती तांबडी होते. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावताना हे तुम्ही पाहिले असेल. चमचाभर हळद पाण्यात कालवून दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांभोवतीही, पातळ लावा आणि वाळू द्या. मग साबणाची नेहमीची वडी ओली करून, पाणी ओघळू न देता, रोजच्या सवयीने पंधरा सेकंद हात चोळा. मित्राला घड्याळ धरायला सांगा. हात न धुताच उजेडात पाहा. जेथे साबण पोचला तेथे तांबडे, जेथे पोचला नाही तेथे पिवळे. वहीत दोन्ही हातांच्या पुढच्या व मागच्या बाजूंच्या आकृत्या काढून पिवळ्या जागा त्यात भरा. दुसऱ्या दिवशी हेच तीस सेकंद चोळून करा. वर्गातील सर्वांच्या आकृत्या शेजारी शेजारी लावल्यात, तर अंगठ्याची मागची बाजू, बोटांची टोके आणि बेचके यांकडे विशेष लक्ष द्या. इंग्लंडमध्ये १९७८ साली परिचारिकांच्या हातांवर रंग लावून अशीच पाहणी झाली, तेव्हा बहुधा याच जागा राहून गेल्या होत्या. तुमच्या वर्गाचे उत्तर तेच येते का, ते मला जरूर कळवा. हळदीचा रंग एक-दोन दिवस हातांवर राहतो, तेव्हा घरी आधी सांगून ठेवा.